कौटुंबिक छळाची जाहीर आत्मकथने
पती किंवा सासरच्या माणसांकडून सोसलेल्या छळाविषयी नामवंत स्त्रियांनी स्वतःच्या नावाने केलेले कथन. मराठीत त्याची परंपरा ठळक आहे.

अभिनेत्री हंसा वाडकर यांनी ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात पतीचा संशय आणि मारहाण उघडपणे सांगितली. त्यावरूनच श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) हा चित्रपट प्रेरित झाला. मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन १९८४ मध्ये आले. परिवर्तनाच्या चळवळीतील घरातही बाई सुरक्षित नसते, हे त्याने धीटपणे दाखवले.

सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) यांनी अशी छळाची कथा पुस्तकाबाहेर, गावोगावच्या व्यासपीठांवर नेली. दिवस भरलेले असताना पतीने मारून घराबाहेर काढले आणि गोठ्यात मुलगी जन्मली, हे त्या भाषणांतून सांगत. पुढे त्या असंख्य अनाथांच्या ‘माई’ झाल्या. अकोला जिल्ह्यातील कल्पना सरोज यांनी बालविवाहानंतरचा सासुरवास मुलाखतींतून मांडला. उद्योजक म्हणून त्यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली.

अशा कथनांमुळे ‘घरातली गोष्ट’ सार्वजनिक प्रश्न ठरण्यास बळ मिळाले. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा (२००५) २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. पीडित महिलेला संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते; मदतीसाठी १८१ हा क्रमांक आहे.