सोळाचा आकडा आणि मरोद्याचा कूलर

जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी एक घोषणा केली : देशातील वातानुकूलन यंत्रांचे तापमान यापुढे 20 अंशांच्या खाली आणि 28 अंशांच्या वर नेता येऊ नये, असा नियम आणण्याचा सरकारचा विचार आहे. बातमी येताच समाजमाध्यमांवर दोन तट पडले. एका गटाला हा घरात घुसलेला सरकारी हात वाटला, तर दुसऱ्याला पर्यावरणरक्षणाचे धाडसी पाऊल. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे पडला. रिमोटवर 16 किंवा 18 हा आकडा लावणाऱ्या माणसाला खरोखर 16 अंशांची खोली हवी असते का? माझे उत्तर असे की बहुतेक वेळा नको असते. त्याला खोली लवकर थंड व्हायला हवी असते. ही दोन निरनिराळी मागणी आहे, आणि त्यांच्यातील गल्लत भारतात सुरू झालेली नाही. तिचा इतिहास थंड देशांतील घरे तापवणाऱ्या थर्मोस्टॅटच्या इतिहासात दडलेला आहे.

तापमान आपोआप राखणारे पहिले ज्ञात उपकरण सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले. कोर्नेलिस ड्रेबेल या इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या डच संशोधकाने अंडी उबवण्याची एक भट्टी तयार केली. तिच्यातील अल्कोहोल तापून प्रसरण पावे, पाऱ्याला ढकले, आणि पारा हवेची वाट अरुंद करी. आग मंदावली की उलट क्रिया घडे. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास घड्याळकार जॉन हॅरिसन याने दोन धातूंच्या जोडपट्टीचा उपयोग घड्याळातील तापमानाचा दोष घालवण्यासाठी केला. दोन धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते. 1830 मध्ये अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनज्ञाने अशाच वाकणाऱ्या पट्टीवर आधारलेल्या उपकरणाचे पेटंट घेतले आणि त्याला ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिले. आपल्या इस्त्रीत आणि गिझरमध्ये हीच कल्पना आजही काम करते.

घरापर्यंत ती पोहोचायला आणखी अर्धशतक लागले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक होते. शाळेचा रखवालदार वर्गावर्गांत शिरून किती गारठा आहे ते पाही, मग तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा हलवी. शिकवण्यात येणारा हा व्यत्यय टाळण्यासाठी जॉन्सन यांनी वर्गातून तळघरात विजेची घंटा वाजवणारा थर्मोस्टॅट तयार केला. त्याचे पेटंट 1883 चे आहे. या रचनेतही माणूस होताच, फक्त तो आता घंटेच्या हुकमावर हलू लागला. थोड्याच वर्षांत मिनिॲपोलिसमध्ये अल्बर्ट बुट्झ याने भट्टीची झडप स्वतःच उघडणारी-मिटणारी यंत्रणा बनवली आणि रखवालदाराचे हे काम संपले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात थर्मोस्टॅटला घड्याळ जोडले गेले. रात्री तापमान उतरवायचे आणि पहाटे, घरचे उठण्यापूर्वी, पुन्हा चढवायचे. ‘प्रोग्रॅम’ हा शब्द संगणकाशी जोडला जाण्याच्या कितीतरी आधीचा हा प्रोग्रॅम आहे.

रात्री उतरवून सकाळी चढवण्यात खरेच बचत होते का? ‘थंड पडलेले घर पुन्हा तापवायला जास्तच इंधन लागते’ हा समज इतका चिवट आहे, की परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही तो दर हिवाळ्यात ऐकू येतो. त्यासाठी गळक्या हंड्याची कल्पना करावी. हंडा रात्रभर काठोकाठ भरलेला ठेवला, तर भोकातून सतत जोराने पाणी जाईल. पातळी उतरू दिली, तर गळती मंदावेल. सकाळी तो भरायला एकदम बरेच पाणी ओतावे लागेल हे खरे. पण रात्रभरात एकूण गळलेले पाणी कमीच असेल, आणि आपल्याला भरून काढायचे असते ते गळलेले पाणीच. घराची उष्णताही आतल्या व बाहेरच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात निसटते. न्यूटनचा शीतलनाचा नियम तो हाच. काही उष्णता-पंपांत सकाळची घाई भागवण्यासाठी विजेची साधी तार तापू लागते आणि बचत बुडते, तेवढा अपवाद मात्र ध्यानात ठेवावा.

1970 च्या दशकातील तेलसंकटाने हा घरगुती हिशेब राष्ट्रीय केला. 2 फेब्रुवारी 1977 रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवरून आवाहन केले, की थर्मोस्टॅट दिवसा 65 अंश फॅरनहाइटवर आणि रात्री 55 वर ठेवा, म्हणजे साधारण 18 आणि 13 अंश सेल्सिअस. 1979 मध्ये अनिवासी इमारतींसाठी सक्तीही आली : उन्हाळ्यात 78 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 25.6 अंश सेल्सिअसच्या, खाली गार करायचे नाही. आपल्याकडील 2025 च्या प्रस्तावाला ‘जगावेगळा’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. जपानने 2005 पासून कार्यालयांसाठी उन्हाळ्यात 28 अंशांचे आवाहन चालवले आहे.

आवाहने झाली, घड्याळाचे थर्मोस्टॅटही आले, तरी बचत अपेक्षेइतकी होईना. 1986 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ विलेट केम्प्टन यांनी मिशिगनमधील काही रहिवाशांच्या दीर्घ मुलाखतींवर आधारित एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना आढळले, की थर्मोस्टॅटविषयी लोकांच्या मनात दोन सिद्धांत नांदतात. काहींच्या मते तो पहारेकरी आहे : खोली ठरल्या तापमानाला पोहोचली की भट्टी बंद करतो, उतरली की चालू करतो. इतरांच्या मते तो नळाची तोटी आहे : जितका जास्त फिरवाल तितकी जास्त उष्णता. साध्या भट्टीच्या बाबतीत दुसरा सिद्धांत चूक आहे. ती एक तर पूर्ण चालते किंवा बंद असते. खोली 20 अंशांना न्यायची असताना आकडा 30 ला लावल्याने ती लवकर तापत नाही, फक्त 20 च्या पुढे तापतच राहते. मात्र केम्प्टन यांनी या लोकांना अडाणी ठरवले नाही. तोटीचा सिद्धांत मानणारा माणूस जास्त आकडा म्हणजे जास्त इंधन हे अचूक जाणतो, आणि म्हणून रात्री आकडा उतरवण्यात अनेकदा तोच पुढे असतो. मला हा निबंध भौतिकशास्त्राच्या कित्येक पाठांपेक्षा अधिक शिकवणारा वाटतो.

आता मरोद्याकडे येऊ. छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्याच्या वसाहतीचा हा एक भाग. जवळच्या मरोदा जलाशयांत तांदुला धरणाचे पाणी कालव्याने येते आणि कारखान्याची तहान भागवते. भिलाईचा सोव्हिएत संघाशी करार झाला तो फेब्रुवारी 1955 मध्ये. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे इथल्या क्वार्टर्समध्ये मराठी बोलणारी घरे असणे यात नवल नाही. पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली.

झोतभट्टीत फुंकायची हवा आधी प्रचंड स्टोव्हमध्ये तापवली जाते. विटांच्या जाळीत साठवलेली उष्णता हवेला देत देत स्टोव्ह स्वतः थंड पडत जातो, पण भट्टीला मात्र एकाच तापमानाचा झोत लागतो. म्हणून सुरुवातीला फार तापलेल्या हवेत थंड हवा मिसळतात आणि स्टोव्ह निवत जाईल तसे मिसळण्याचे प्रमाण घटवतात. मोजायचे, ठरल्या आकड्याशी ताडायचे, झडप हलवायची, पुन्हा मोजायचे. जॉन्सन यांच्या रखवालदाराचेच हे काम. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1868 मध्ये वेगनियंत्रकांवर लिहिलेल्या निबंधात ज्या स्वनियंत्रणाचे गणित मांडले, त्याच जातीचे हे चक्र आहे.

त्याच कारखान्यातून कामगार घरी परतला, की त्याच्या खिडकीत बसवलेल्या कूलरमध्ये यातले काहीच नसे. वाळ्याच्या किंवा लाकडी तुसाच्या ताट्या, पाण्याचा छोटा पंप, एक पंखा आणि ‘कमी, मध्यम, जास्त’ असे बटण. कूलर काही मोजत नाही आणि कशाशी ताडत नाही. तरीही मे महिन्यात तो उत्तम काम करतो. दुपारी बाहेर 43 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक साधारण 22 अंश दाखवेल. चांगला कूलर 43 पासून 22 पर्यंतच्या या अंतरापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापतो, म्हणजे 27 अंशांच्या आसपासची हवा आत सोडतो. योगायोग असा, की 1986 मध्येच, केम्प्टन यांचा निबंध आला त्याच वर्षी, रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेचे एम. आर. शर्मा आणि शराफत अली यांनी भारतीयांवरील प्रयोगांतून ‘उष्णकटिबंधीय ग्रीष्म निर्देशांक’ मांडला. त्याची सुखद मर्यादा 25 ते 30 अंश आणि सर्वांत सुखद बिंदू 27.5 अंश. वाळ्याची ताटी हा निबंध न वाचताच त्या आकड्याच्या जवळपास पोहोचली होती. जुलैत मात्र हवाच ओली असते, बाष्पीभवन खुंटते आणि कूलर नुसता दमट वारा फेकतो.

आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेल्या कळी पाहा : पंख्याचा रेग्युलेटर, गॅसची शेगडी, कूलरचे बटण. या सगळ्या खऱ्याखुऱ्या तोट्या आहेत. जास्त फिरवले की जास्त मिळते, हा अनुभव त्यांनी आपल्या बोटांत मुरवला. अशा घरात एसी आला आणि हातात पडली ती आकड्यांची कळ. ती दिसते तोटीसारखी, पण असते पहाऱ्याची. भर दुपारी बाहेरून आलेला माणूस 16 लावतो तो कूलर ‘जास्त’वर टाकावा तसा. साध्या एसीचा काँप्रेसर 24 लावले काय नि 16 लावले काय, सुरुवातीला सारख्याच जोमाने चालतो. इन्व्हर्टर एसी ठरल्या आकड्याजवळ येताना वेग कमी करतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात थोडा फरक पडेल. पण त्यासाठीही पंख्याचा वेग वाढवणे हा सरळ उपाय आहे. आकडा 16 वर विसरला, की मध्यरात्री घरातले सगळे गोधडी शोधू लागतात.

याची किंमत मोजता येते. बाहेर 42 आणि आत 24 असेल तर भिंतींतून शिरणाऱ्या उष्णतेमागे 18 अंशांचा फरक असतो. आत 23 केले की 19 अंशांचा. वाढ सुमारे साडेपाच टक्के. एक अंश वर ठेवल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते, हा ऊर्जा दक्षता ब्युरोचा आकडा या ढोबळ हिशेबाशी जुळतो. प्रत्यक्षात आर्द्रता, घरातली माणसे आणि यंत्राची घटती कार्यक्षमता यांमुळे तो घरागणिक बदलेल. 30 मे 2024 रोजी देशाची विजेची कमाल मागणी 250 गिगावॉटवर गेली होती. अशा दिवशी लक्षावधी खोल्यांतील एकेक अंश म्हणजे काही वीजकेंद्रे चालू ठेवायची की नाहीत याचा निर्णय असतो.

यावर उपाय म्हणून अमेरिकेने ग्राहकाला प्रोग्रॅम करता येणारा थर्मोस्टॅट दिला. 1995 पासून त्यावर ‘एनर्जी स्टार’ची मोहोर उमटू लागली आणि 2009 च्या अखेरीस ती काढून घेण्यात आली. यंत्र बचत करू शकत होते. पण बारीक बटणांशी झगडून आठवड्याचे वेळापत्रक भरण्याऐवजी पुष्कळ लोक ते ‘होल्ड’वर ठेवून मोकळे होत. भारताने दुसरी वाट धरली. 30 ऑक्टोबर 2019 च्या अधिसूचनेनुसार 1 जानेवारी 2020 पासून तारांकित खोली-एसी कारखान्यातूनच 24 अंशांवर लावलेले येऊ लागले. कुणाला काही शिकावे लागले नाही, कुणाला मनाईही झाली नाही. मला ही वाट 2025 च्या मर्यादेपेक्षा शहाणपणाची वाटते, पण ती अर्धवट आहे. अनेक यंत्रे शेवटचा आकडा लक्षात ठेवतात. म्हणजे पहिल्याच दुपारी कुणी 18 लावले, की 24 त्या घरातून कायमचे गेले.

आणखी एक अडचण आकड्यातच आहे. एसीचा संवेदक बहुधा यंत्रात, छताजवळ ओढल्या जाणाऱ्या हवेचे तापमान मोजतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली किरणोत्सर्जन करतो ते त्याला दिसत नाही, आणि जुलैतली चिकचिक त्याला कळत नाही. वरच्या मजल्यावरच्या क्वार्टरमधला मेचा 26 आणि तळमजल्यावरचा जुलैचा 26 हे अंगाला एक वाटत नाहीत. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी भारतीय कार्यालयांच्या सर्वेक्षणावरून जे अनुकूलन-सूत्र काढले, ते राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मध्ये आहे. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतींसाठी ते म्हणते : बाहेरच्या अलीकडच्या सरासरी तापमानाला 0.54 ने गुणा आणि 12.83 मिळवा. बाहेरची सरासरी 30 असेल तर माणसांना सुमारे 29 अंश सुखद वाटतात. 20 असेल तर सुमारे 23.6. पूर्ण वातानुकूलित इमारतीत हा उतार एवढा तीव्र राहत नाही, पण दिशा तीच असते : शरीर ऋतूबरोबर सरकते.

इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या पेटीत हवेचे तापमान मोजणारा संवेदक बहुधा आधीच असतो, आत सूक्ष्मनियंत्रक असतो आणि टायमरही असतो. सुरू होताना 24 या ठरीव आकड्याऐवजी गेल्या आठवड्याच्या बाहेरच्या सरासरीवरून स्वतःचा आकडा काढणे आणि मध्यरात्री तो एक अंशाने वर सरकवणे, याला नवे हार्डवेअर जवळपास लागत नाही. ज्याला 18 हवे त्याने तेव्हाही 18 लावावे. दुसऱ्या दिवशी यंत्राने पुन्हा ऋतूच्या आकड्यावर परतावे, एवढी एक ओळ तारांकनाच्या नियमांत घालता येईल.