नक्षी कोणाची?

भिवंडीच्या गल्ल्यांतून हिंडताना यंत्रमागांचा खडखडाट सतत कानांवर येतो. यांतले पुष्कळ माग साधे कापड विणतात. सूत व्यापाऱ्याचे, माग कारखानदाराचा आणि मजुरीचा दर ठरतो तो किती बाणे पडले यावर. या हिशेबात नक्षीसाठी वेगळा रकाना नसतो. नक्षी कोणाची, हा प्रश्न मात्र जुना आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आज न्यायालयांपुढे आलेल्या वादाचा एक धागा कापडाच्याच इतिहासातून येतो.

इंग्लंडमध्ये पुस्तकांना लेखाधिकाराचे संरक्षण १७१० सालच्या कायद्याने मिळाले. कापडावर छापलेल्या नक्षीला त्यासाठी १७८७ साल उजाडावे लागले, आणि मुदत मिळाली अवघी दोन महिने! १७९४ मध्ये ती तीन महिने झाली. पुस्तकाला मात्र प्रथमपासूनच चौदा वर्षे होती.

पुढची पायरी फ्रान्समधील लिआँ शहरातली. तेथे जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास आपला प्रसिद्ध माग सिद्ध केला. या मागात प्रत्येक बाण्यासाठी एक पुठ्ठा असतो. पुठ्ठ्याला जेथे भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. म्हणजे संपूर्ण नक्षी ‘भोक आहे’ व ‘भोक नाही’ या दोन खुणांत लिहिता येते. वर्गात द्विमान संख्यापद्धती शिकवताना चौकटीच्या कागदावर हा प्रयोग सहज करून दाखवता येईल.

१८३९ मध्ये याच पद्धतीने खुद्द जॅकार्डचे चित्र रेशमात विणण्यात आले. त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. मूळ तैलचित्र क्लोद बोनफों यांचे, विणणारे कार्कियाट. आणि चित्र पाहून हजारो भोके कोठे पाडायची हे ठरवणाऱ्या कारागिराचे काय? आमच्या मते सर्वांत अवघड काम त्याचेच होते. या चित्राची एक प्रत चार्ल्स बॅबेज यांच्याजवळ होती. आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी त्यांनी पुठ्ठ्यांची कल्पना जॅकार्डच्या मागावरूनच उचलली होती. त्या यंत्रावर १८४३ मध्ये टिपणे लिहिताना एडा लव्हलेस यांनी बजावले होते, की यंत्र आपण होऊन काही नवे निर्माण करील अशी अपेक्षा धरू नये.

आता आपल्या देशाकडे वळू. १९५७ च्या लेखाधिकार कायद्याप्रमाणे कागदावर काढलेली नक्षी ही कलाकृती ठरते. परंतु कलम १५ मध्ये एक मेख आहे. नक्षी डिझाइन म्हणून नोंदवण्याजोगी असूनही नोंदवली नसेल, आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने औद्योगिक प्रक्रियेने तिच्या पन्नासांहून अधिक वस्तू केल्या, तर तिच्यावरील लेखाधिकार संपतो. एक्कावन्नावी वस्तू तयार झाली की हक्क गेला. यंत्रमागाला हा आकडा गाठायला कितीसा वेळ लागणार?

याच कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आणखी एक व्याख्या आली : संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती कृती निर्माण करवणारी व्यक्ती. संगणक हे नुसते साधन होते तोवर हे पुरेसे होते. आज एखाद्याने चार शब्द टंकून साडीच्या मोरकाठाचे चित्र मागितले, तर ते ‘करवले’ कोणी? टंकणाऱ्याने, यंत्रप्रणाली रचणाऱ्याने, की ज्यांची चित्रे पाहून यंत्र शिकले त्या असंख्य नक्षीकारांनी? २०२० मध्ये भारताच्या लेखाधिकार कार्यालयाने ‘सूर्यास्त’ या चित्राची नोंद करताना अंकित साहनी यांच्याबरोबर ‘राघव’ या संगणक-प्रणालीलाही सहलेखक मानले. पुढे त्याच कार्यालयाने नोंद मागे घेण्याची नोटीस काढली! अमेरिकेत थेलर खटल्यात मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने लेखक मनुष्यच असला पाहिजे असा निर्णय दिला.

यंत्र शिकते कशावर, हा याहून कळीचा प्रश्न. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तो याच मुद्द्यावर. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये सुचवले, की यंत्रांना उपलब्ध साहित्यावर शिकू द्यावे, मात्र मूळ लेखक-कलावंतांना मोबदला देणे सक्तीचे असावे.

सूचना आम्हाला न्याय्य वाटते. पण मोबदला मिळणार तो लेखाधिकार जिवंत असलेल्या कृतींना. ज्या नक्षीचा अधिकार एक्कावन्नाव्या साडीबरोबरच संपला, तिच्या कर्त्याचे नाव त्या यादीत कोठून येणार? २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केल्यास दहा आणि नूतनीकरणाने आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. मात्र नोंदणीचा अर्ज कापड बाजारात येण्यापूर्वी करावा लागतो.