टर्टल प्रयोग

टर्टल प्रयोग हा इ.स. १९८३ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे रिचर्ड डेनिस व विल्यम एकहार्ट यांनी सुरू केलेला, वायदे बाजारातील व्यवहारांच्या प्रशिक्षणाचा उपक्रम होता. तांत्रिक विश्लेषणातील यांत्रिक व मानसशास्त्रीय दृष्टिकोनांच्या चर्चेत त्याचे उदाहरण वारंवार दिले जाते.

पार्श्वभूमी

तांत्रिक विश्लेषणात पूर्वीच्या भावांवरून पुढील व्यवहाराचा निर्णय घेतला जातो. यांत्रिक दृष्टिकोनात हा निर्णय आधी ठरवलेल्या नियमांनुसार होतो. मानसशास्त्रीय दृष्टिकोनात भावांचा आलेख हा खरेदीदार व विक्रेते यांच्या भीतीचे आणि लोभाचे चित्र मानला जातो. त्याचा अर्थ लावण्यात अनुभवाला महत्त्व असते, तसेच व्यवहार करणाऱ्याच्या आत्मसंयमालाही.

यशस्वी व्यवहार करण्याची कला शिकवता येते, असे डेनिस यांचे मत होते. त्यासाठी उपजत गुण लागतात, असे एकहार्ट मानत. वाद मिटवण्यासाठी वृत्तपत्रांत जाहिरात देऊन उमेदवार निवडण्यात आले. त्यांना सुमारे दोन आठवडे प्रशिक्षण देऊन डेनिस यांचे भांडवल सोपवण्यात आले. हे प्रशिक्षणार्थी 'टर्टल' (कासव) म्हणून ओळखले गेले. सिंगापूरमध्ये पाहिलेल्या कासवपालनावरून डेनिस यांनी हे नाव दिले.

नियम

भाव मागील २० दिवसांच्या उच्चांकापलीकडे गेल्यास खरेदी आणि नीचांकाखाली गेल्यास विक्री करावी, हा पहिल्या पद्धतीचा गाभा होता. दुसऱ्या पद्धतीत हाच कालावधी ५५ दिवसांचा होता. सौद्याचा आकार भावाच्या सरासरी दैनंदिन चढउतारावरून ठरे. भाव तेवढा हलल्यास एका एककामागे भांडवलात १ टक्का फरक पडावा, असा हिशेब होता. १० लाख डॉलर भांडवलावर ही रक्कम १० हजार डॉलर होते. भाव या चढउताराच्या दुप्पट विरुद्ध गेल्यास तोटा स्वीकारून बाहेर पडणे बंधनकारक होते.

मानसशास्त्रीय बाजू

अशा पद्धतीत बहुतांश सौदे लहान तोट्यात संपतात आणि मोजक्या मोठ्या नफ्यांतून ते भरून निघतात. त्यामुळे सलग तोट्यांनंतरही पुढचा संकेत पाळणे आवश्यक ठरते. डॅनिएल काहनेमन व अमोस ट्वर्स्की यांच्या १९७९ मधील सिद्धान्तानुसार माणसाला नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख अधिक वाटते. हर्ष शेफ्रिन व मीर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये नफ्यातील समभाग लवकर विकण्याच्या व तोट्यातील धरून ठेवण्याच्या प्रवृत्तीचे विवेचन केले. टर्टल नियम नेमके या प्रवृत्तीविरुद्ध वागायला लावतात. सर्वांना समान नियम शिकवूनही प्रशिक्षणार्थींच्या कामगिरीत मोठा फरक पडला. त्यांपैकी कर्टिस फेथ यांनी २००७ मधील आपल्या पुस्तकात त्याचे कारण नियम पाळण्यातील मानसिक अडचणींत शोधले आहे.

परिणाम व मर्यादा

अनेक टर्टल्सनी मोठा नफा मिळवला आणि जेरी पार्कर यांच्यासारख्या काहींनी पुढे स्वतःच्या गुंतवणूक संस्था उभारल्या. मोठ्या तोट्यानंतर १९८८ मध्ये डेनिस यांनी इतरांच्या निधीचे व्यवस्थापन थांबवले व उपक्रमही संपला. उमेदवार निवडून घेतलेले, संख्येने थोडे आणि तुलनेसाठी प्रशिक्षण न घेतलेला गट नाही, यामुळे या प्रयोगाने मूळ वाद शास्त्रीयदृष्ट्या निकाली निघाला असे म्हणता येत नाही. नियम शिकवता येतात, हे मात्र त्यातून दिसले. ते पाळण्याचा प्रश्न मानसशास्त्राकडेच राहिला.