प्रतिज्ञा गांधींची, किंमत कोणाची?

बायबलमध्ये इफ्ताह नावाच्या सेनापतीची गोष्ट आहे. युद्ध जिंकलो तर घरातून जे पहिले सामोरे येईल त्याचा होम करीन, असा नवस तो देवाला बोलला. जिंकून परतला, तर दारात आली त्याची एकुलती एक मुलगी. शब्द बापाचा, जीव तिचा. तिला कुणी विचारले नव्हते.

पुणे कराराची चर्चा आपण दरवर्षी करतो ती जागांची आणि मतदारसंघांची. त्यामागच्या प्रतिज्ञेची फारशी करत नाही. १३ नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या गोलमेज परिषदेत गांधींनी सांगून टाकले की अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांना ते एकटे उरले तरी प्राणपणाने विरोध करतील. तोवर निवाडा आलाही नव्हता. ऑगस्ट १९३२ मध्ये तो आला आणि बोललेला शब्द गांधींच्या गळ्यात पडला. हा प्रश्न आपल्यासाठी मुख्यतः धार्मिक आहे, असे त्यांनी सरकारला कळवले. इथेच खरी मेख आहे. राजकीय मागणीवर वाटाघाट होते, दोन पावले मागे येता येते. देवाच्या नावाने घेतलेल्या प्रतिज्ञेतून मागे येणे म्हणजे पाप. मग मागे यायचे कुणी? समोरच्याने.

२० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात उपोषण सुरू झाले. उपाशी गांधी होते, पण जीव टांगणीला लागला गावकुसाबाहेरच्या माणसांचा. गांधींना काही झाले असते तर गावोगावी सूड कुणावर उगवला गेला असता, हे बाबासाहेबांना कळत होते. या कृतीतून आपल्या लोकांवर दहशतच येईल, हे त्यांनी आदल्याच दिवशी निवेदनात बजावले होते. चार दिवसांनी सही झाली. राखीव जागा १४८ झाल्या, वाढल्याच; पण अंतिम निवडणुकीतली चावी सवर्ण मतदारांच्या हाती गेली. आपला प्रतिनिधी फक्त आपल्याच मतांवर निवडण्याचा हक्क गेला.

गांधींचा हेतू प्रामाणिक होता, असे म्हणणारे भेटतात. असेलही. इफ्ताहही ढोंगी नव्हता.

आणि हे फक्त गांधींपुरते नाही. घाटकोपर-मुलुंडच्या आपल्या वस्त्यांत आत्मदहनाचे इशारे देणारे नेते आपण पाहतो. नेता इशारा देऊन गाडीत बसतो, केस अंगावर येते पोरांच्या. तेव्हा विचारायला हवे: साहेब, हा शब्द देण्याआधी वस्तीला विचारले होते का?

बाबासाहेबांनीही प्रतिज्ञा केली. १३ ऑक्टोबर १९३५, येवला: हिंदू म्हणून मरणार नाही. ती स्वतःच्या मरणाबद्दल होती, दुसऱ्याच्या हक्कावर उभी नव्हती. पुढच्या मे महिन्यात मुंबईत महार परिषद भरवून धर्मांतराचा प्रश्न त्यांनी लोकांपुढे युक्तिवादासह मांडला. प्रतिज्ञा पुरी व्हायला २१ वर्षे लागली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी आधी स्वतः भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली. मग समोरच्या लाखोंना सांगितले की ज्यांना धम्म घ्यायचा आहे त्यांनी उभे राहावे.