हार्वेस्टरच्या नळीतून धान्य बाहेर कसं पडतं?

गव्हाची काढणी सुरू असताना हार्वेस्टर ट्रॉलीशेजारी येऊन थांबतो, लांब नळी बाहेर वळते आणि काही मिनिटांत टाकी रिकामी होते. आत पंखा असेल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिथे एक स्क्रू फिरतो, म्हणजे दांड्याभोवती नागमोडी गुंडाळलेलं लोखंडी पातं. त्याला ऑगर किंवा स्क्रू कन्व्हेयर म्हणतात.

स्क्रू जागेवरच फिरतो, सरकतं ते धान्य. नळीच्या भिंतीशी होणारं घर्षण आणि स्वतःचं वजन यांमुळे धान्य पात्यासोबत गोल फिरत नाही, मग पातं त्याला पुढे ढकलतं. चिकट माल मात्र पात्यालाच धरून नुसता गरगरतो.

पाणी उपसणारा असा स्क्रू आर्किमिडीजच्या नावाने ओळखला जातो. अमेरिकेत ऑलिव्हर इव्हान्स यांनी १८व्या शतकाच्या अखेरीस तो पीठगिरणीत वापरला. आज सिमेंट कारखान्यांतही हेच तंत्र चालतं.

यंत्र साधं दिसतं, म्हणूनच लोक बेसावध राहतात. ओलसर धान्य टाकीत कमानीसारखं अडकतं, खाली पोकळी होते आणि स्क्रू रिकामा फिरतो. मग कुणीतरी आत उतरून पायाने धान्य ढकलतं. कमान कोसळली की पाय थेट स्क्रूत. कापडाचं टोक अडकलं तरी स्क्रू ते ओढतच राहतो, सोडवायला वेळच मिळत नाही.

त्यामुळे आधी इंजिन बंद करायचं, चावी काढून घ्यायची, स्क्रू पूर्ण थांबल्याची खात्री करायची. मगच बाहेरून लांब काठीने धान्य मोकळं करायचं.