चित्र थेट वेबपानाच्या संहितेत

वेबपानावर दिसणारे चित्र बहुधा त्या पानाच्या संहितेत नसते. तेथे चित्राचा केवळ पत्ता असतो. ब्राऊझर पान वाचतो, त्या पत्त्यावर स्वतंत्र मागणी नोंदवतो आणि सर्व्हरने पाठविलेली फाईल योग्य जागी मांडतो. मार्क अँड्रीसन यांनी १९९३ मध्ये ‘आयएमजी’ या खुणेचा प्रस्ताव मांडला, तेव्हापासून ही पद्धत रूढ आहे. मात्र चित्राची फाईल हलवली वा काढून टाकली, की पानावर रिकामी चौकट उरते.

चित्रच पानात लिहून टाकणे, हा दुसरा मार्ग. ‘डेटा यूआरएल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीचा मसुदा लॅरी मासिंटर यांनी ऑगस्ट १९९८ मध्ये ‘आरएफसी २३९७’ या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध केला. यात चित्राच्या फाईलचे ‘बेस-६४’ पद्धतीने अक्षरांत रूपांतर होते. रोमन लिपीतील ५२ लहान-मोठी अक्षरे, १० अंक आणि २ चिन्हे एवढ्यावर सारे काम भागते. पत्त्याच्या जागी ही अक्षरमाला ठेवली, की वेगळ्या मागणीची गरज उरत नाही.

या सोयीची किंमतही आहे. तीन बाइटची चार अक्षरे होत असल्याने आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. ३० किलोबाइटचे चित्र ४० किलोबाइटचे होते. सर्व्हरने पान संक्षिप्त करून पाठविल्यास हा भार काहीसा हलका होतो. शिवाय स्वतंत्र फाईल ब्राऊझर एकदाच उतरवून साठवू शकतो; दहा पानांत लिहिलेले बोधचिन्ह मात्र दहा वेळा उतरते. त्याचा भुर्दंड मोबाइलवर डेटा मोजून वापरणाऱ्या वाचकाला पडतो.

२००९ मध्ये आलेल्या ‘इंटरनेट एक्सप्लोरर ८’मध्ये अशा मजकुराला ३२ किलोबाइटची मर्यादा होती. तेव्हा मागण्यांची संख्या घटविणे मोलाचे होते. २०१५ मधील ‘एचटीटीपी/२’ प्रमाणामुळे एकाच जोडणीवरून अनेक फाईली एकाच वेळी मागवता येऊ लागल्या आणि हा लाभ बराच ओसरला.

म्हणूनच छोटी, एकाच पानावर लागणारी चिन्हे किंवा एका फाईलमध्ये जपून ठेवायचा अहवाल यांपुरतीच ही पद्धत इष्ट ठरते. मोठी छायाचित्रे स्वतंत्र फाईलमध्येच ठेवावीत. कोणत्याही पद्धतीत चित्राचे शब्दवर्णन देणे मात्र विसरू नये. दृष्टिहीन वाचकाला त्याचाच आधार असतो.