चिकाचं दूध फेकायला कुणी शिकवलं?

आजची सुरुवात खरवसापासून. गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारत खातो, शेजारी वाटतो. आणि बाईचं चिकाचं दूध? ते पिवळं, चिकट, 'बाळाला बाधतं' म्हणून कित्येक घरांत पिळून फेकलं गेलं. असं का, विचारलं की आपण सरळ आजीकडे बोट दाखवतो. पण मी या गैरसमजांचा इतिहास वाचत गेले, तसतशी आजीच्या मागे मला मोठमोठी विद्वान मंडळी उभी दिसू लागली.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये सोरेनस नावाचा ग्रीक वैद्य होता. त्याचं मत असं, की बाळंतिणीचं दूध पहिले वीस दिवस बहुधा बाळाला मानवत नाही. सुरुवातीला मध द्यावा. आपल्याकडे सुश्रुतसंहिता सांगते, की दूध तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर वाहू लागतं. तोवर मध-तूप चाटवावं. निरीक्षण चूक नव्हतं बरं का! भरपूर दूध खरंच दोन-चार दिवसांनी उतरतं. पण त्याआधी जे थेंब-थेंब येतं, तो चीकच. त्यात रोगांशी लढणारी प्रतिपिंडं ठासून भरलेली असतात. थेंब पुरतात, कारण नवजात बाळाचं पोटही इवलंसं असतं. आणि मध? त्यातून होऊ शकणाऱ्या बोट्युलिझम या विषबाधेमुळे आज डॉक्टर वर्षाच्या आत तो देऊच नका म्हणतात.

१७४८ मध्ये विल्यम कॅडोगन या डॉक्टरने एका निबंधात ठणकावून लिहिलं, की बाळाला लवकर आईच्याच अंगावर पाजा. चला, एक गैरसमज हलला.

पण दुसरा तयार होत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांनी घड्याळ आणलं. दर चार तासांनी पाजा, रात्री नाही, रडलं तरी नाही! हे 'शास्त्रीय' संगोपन देशोदेशी पोचलं. गंमत म्हणजे शरीराचा हिशेब अगदी उलटा आहे. बाळ जितकं ओढतं, तितकं दूध तयार होतं. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन तर रात्रीच जास्त असतं. घड्याळ लावलं की दूध आटणार, आणि मग आई म्हणणार, 'मलाच दूध येत नाही.'

या वाक्यावर एक अख्खा बाजार उभा राहिला. १८६७ च्या सुमारास युरोपात बाळांसाठीचं तयार अन्न विक्रीला आलं. पुढे त्याची जाहिरात अशा वस्त्यांत पोचली, जिथे शुद्ध पाणीच नव्हतं. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी भाषण केलं. विषय होता 'दूध आणि खून'. दिशाभूल करून बाळांच्या तोंडी डब्याचं दूध घालणं हा खूनच, असं त्यांनी सुनावलं. तरी जागतिक आरोग्य परिषदेची विक्री-आचारसंहिता यायला १९८१ उजाडलं, आणि आपला कायदा १९९२ चा. म्हणूनच आज पावडरच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो दिसत नाही. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये गेलात की बघा.

आणि आपली मुंबई? १९८९ मध्ये शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. जे दूध फेकलं जायचं, ते अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी जपून ठेवलं जाऊ लागलं.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, जन्मानंतर पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं सुमारे ४२ टक्केच निघाली. म्हणजे निम्म्याहून जास्त अजून बाहेर.

काही आयांना खरोखर दूध कमी येतं, काहींना औषधांमुळे पाजता येत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध देणं यात कसलाही कमीपणा नाही. पण एखादी नवी आई 'दूध पुरत नाही' म्हणाली, तर लगेच डबा आणायला धावू नका. आधी विचारा: बाळ नीट पकडतंय का? पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहाएक वेळा शू होतेय का? वजन वाढतंय का? एकाचंही उत्तर 'नाही' आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि आजीशी भांडू नका. तिला दोन हजार वर्षं तज्ज्ञांनीच हे शिकवलंय. हा एपिसोड तिलाही ऐकवा. भेटूया पुढच्या भागात!